उशाशी ठेवलेली बोंडं

माझ्या मामाला कुणी पत्ता विचारला की तो रस्ता सांगत नाही, छपरं सांगतो. "त्या निळ्या टाकीपासून डावीकडे बघ, दोन धुराडी सोड, मग जे तिरकं छप्पर दिसेल ना, त्याच्या खाली." विचारणारा बिचारा मान वर करून चालू लागतो आणि गटारात पाय घालतो. मामाला त्याचं काही नसतं. जमीन हा त्याचा विषयच नव्हे.

मामाचं काम उंच इमारतींवर विजेचे दांडे बसवायचं. आभाळातली वीज इमारतीवर न पडता दांड्यावर पडावी आणि तांब्याच्या पट्टीतून मुकाट जमिनीत जावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. काम दोघांचं. मामा वर, त्याचा शाळेपासूनचा मित्र खाली. फर्म मित्राची, पाटी मित्राच्या नावाची, गाडी मित्राची. मामाचा फक्त जीव. सगळे त्यांना वरचा आणि खालचा म्हणायचे, आणि तेही एकमेकांना तसंच हाक मारायचे. फोन वाजला की मामा ओरडायचा, "बोल रे खालच्या!"

खालच्याची नक्कल हा आमच्या घरातला हुकमी कार्यक्रम होता, आणि तो माझ्याकडे होता. अवघड काही नाही. हनुवटी थोडी आत घ्यायची, पोट थोडं बाहेर, प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "हे बघ" लावायचं आणि शेवटी "काय?" मधे काहीही घाला, चालतं. "हे बघ, वारा पडलाय, चढून घे, काय?" "हे बघ, आपण घरची माणसं, आपल्यात कसला हिशेब, काय?" मामा हसून हसून लोळायचा. मामी तोंडाला पदर लावायची आणि म्हणायची, "पुरे गं, भावजी दारात येतील नि ऐकतील." एकदा तो खरोखरच दारात उभा होता. त्यानं ऐकलं, हनुवटी आत घेतली आणि म्हणाला, "हे बघ, मी असा मुळीच बोलत नाही, काय?"

आता या दोघांच्या कामातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. वर वारा असतो. ओरडलेलं खाली पोचत नाही, खालचं वर येत नाही. म्हणून बोलायचं दोरानं. खालून एक झटका आला की थांब. दोन झटके, ओढून घे. तीन झटके म्हणजे गाठ तपासली, दोर घट्ट आहे, सगळं ठीक, सोड स्वतःला. तीन झटके आले की मामा कड्यावरून मागे झुकायचा आणि हात सोडायचा. वाकून खाली बघायचं नाही. खरंच बांधलंय ना रे, असं विचारायचं नाही. "एकदा विचारायची सवय लागली की संपला माणूस," मामा म्हणायचा. "पाय लटपटायला लागतात. वरच्यानं खालच्याला तपासायचं नसतं."

असं त्यानं आयुष्यभर केलं, आणि दोर कधी सुटला नाही.

मग ती बोंडं आली. फार पूर्वी बसवलेल्या काही दांड्यांच्या टोकाला पितळेचं एक बोंड असायचं, आणि त्या बोंडात किरणोत्सारी धातूच्या पातळ चकत्या. त्यानं वीज लांबून ओढली जाते अशी तेव्हाच्या लोकांची समजूत होती. ती खोटी निघाली. मग कायदा आला: अशी सगळी बोंडं उतरवायची आणि सरकारी साठवणघरात नेऊन द्यायची. परवाना नसलेल्या माणसानं घरात ठेवली तर गुन्हा. जाणूनबुजून ठेवली तर कैक वर्षं तुरुंग. साठवणघर दूर, नेण्याची पेटी शिशाची, गाडी वेगळी, खर्च फर्मचा. उतरवण्याचं काम खालच्यानं हौसेनं घेतलं. पोचवण्याचं मात्र त्याच्या जिवावर आलं.

पहिलं बोंड इस्पितळाच्या छपरावरून उतरलं. त्यावर पिवळं, अर्धं पुसलेलं, तीन पात्यांचं चिन्ह होतं. मामानं त्या एका वेळी विचारलं. खाली उतरून, डबा खाताना, "हे काय रे?"

"हे बघ," खालचा म्हणाला, "त्यातला माल सरकारी माणसं येऊन कधीच काढून घेऊन गेली. उरलंय ते रिकामं पितळ. गोदामात जागा नाही. तुझ्याकडे ठेव सध्या, काय?"

झालं. खालच्यानं सांगितलं, वरच्यानं हात सोडले.

ती बोंडं दिसायला मात्र देखणी होती हं. उमलायच्या बेतात असलेल्या फुलासारखी, खाली पितळी देठ. मामानं त्यांच्यासाठी एक फळी ठोकली, आणि कुठे? तर पलंगाच्या डोक्याशी, भिंतीवर. इस्पितळाचं, गिरणीचं, नाट्यगृहाचं, अशी ती एकेक येऊन बसू लागली. रात्री आडवा पडला की मामा बोट दाखवून मामीला सांगायचा, "ते कडेचं बघ, त्याच्यावर कावळीनं घरटं केलं होतं. चोच मारली मला इथं."

"कावळीचं बरोबर होतं," मामी कूस बदलत म्हणायची. "माझ्या उशाशी एवढ्या सवती आणून बसवल्यात, मीही मारली असती."

पण पुसायची तीच. दर आठवड्याला, जुन्या मऊ पंच्याच्या तुकड्यानं, देठापासून टोकापर्यंत. मामाची ताकीद एकच होती: "ओलं फडकं लावू नकोस गं. पितळेवर डाग पडतो."

खालचा येतच होता. येऊन बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. पूर्वी हा माणूस सरळ आत जाऊन मामाच्या पलंगावर पाय वर घेऊन पसरायचा. आता उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीना. लांबूनच मान लांब करायचा. "हे बघा वहिनी, याचं संग्रहालय बरं सजलंय, काय?"

"आत तरी या की, बघा जवळून," मामी म्हणायची.

"नको नको. बायकांच्या खोलीत कशाला?"

मामीनं त्याची ही सभ्यता गल्लीभर सांगितली. "आमचे भावजी बघा. वयाबरोबर माणसाला पोच येते."

मग एक दिवस फर्मनं विकलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यात चुकून एक बोंड भंगारात गेलं. भंगारवाल्यांच्या मोठ्या फाटकाला किरणं मोजणारं यंत्र असतं, हे खालच्याला माहीत नसावं. ट्रक फाटकातून आत शिरला आणि फाटक जे कोकलायला लागलं, ते थांबेना. भंगारवाल्यानं गठ्ठा कुणाचा ते सांगितलं. अधिकारी फर्मवर गेले. आणि फर्मवाला त्यांना घेऊन मामाच्या घरी आला.

मी तिथंच होते, सुट्टीला गेलेले. दुपार होती, मामा बनियनवर बसून दोराला मेण लावत होता. दारात खालचा दिसला, त्याच्या मागे तीन अनोळखी माणसं. मामाचा चेहरा फुलला.

"अरे ये ये! पाहुणे घेऊन आलास? अगं, चहा टाक गं, पाच कप टाक!"

खालचा उंबऱ्यावरच थांबला. मामाकडे बघितलंच नाही त्यानं. आतल्या खोलीकडे बोट केलं.

"ती बघा साहेब. मी तर याला केव्हाचा सांगतोय, जमा कर, जमा कर म्हणून, काय?"

मामा तसाच हसत उभा राहिला. त्याला कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, पण ते कुणाबद्दल आहेत ते कळलं नाही. त्यानं मागे वळून बघितलं, जणू त्याच्या पाठीशी दुसरं कुणी उभं आहे.

अधिकाऱ्यांपैकी एकाच्या हातात डब्यासारखं यंत्र होतं. तो आत गेला आणि यंत्र टिकटिकायला लागलं, आधी सावकाश, मग भट्टीत फुटाणे उडावेत तसं. तो अगदी शांत आवाजात बोलायचा. त्याची नक्कल मला पुढे फार छान जमली. "घाबरायचं कारण नाही. मागे व्हा. घाबरायचं काहीच कारण नाही. अजून मागे. अजून."

थोड्या वेळानं पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. त्यांनी चिमट्यानं बोंडं उचलली, पिंपात घातली. फळी घातली. पंच्याचा तुकडा घातला. मग एकानं मामीची उशी उचलली, तीही चिमट्यानं, हात लांब करून, मेलेला उंदीर धरावा तशी.

"अहो, अभ्रा तरी काढून द्या," मामी म्हणाली. "धुते मी."

"बाई, धुवायचं नाही."

तेव्हा पहिल्यांदा मामीनं त्या रिकाम्या भिंतीकडे बघितलं. मग मामाकडे. पण मामा खिडकीतून बाहेर बघत होता, खालच्याची गाडी निघून जाताना.

इस्पितळात मामीला आणि मामाला तपासलं. नशीब म्हणायचं, चकत्या फुटल्या नव्हत्या, अंगात काही गेलं नव्हतं. मामा आधी कोठडीत, मग जामिनावर. आरोप तीन: फर्मचा माल चोरला, परवान्याशिवाय बाळगला, आणि धोका माहीत असून बाळगला.

आमच्या वकीलबाईंना कायमची सर्दी. गालात खोकल्याची गोळी. त्यांचं बोलणं गोळी डावीकडून उजवीकडे नेत चालतं. "हे पाहा, कायदा दोस्ती बघत नाही." गोळी डावीकडे. "वस्तू तुमच्या भिंतीवर होती, तो गुन्हा झालाच. त्यातून सुटका नाही." गोळी उजवीकडे. "पण तुरुंग कशावर? तर माहीत होतं का नव्हतं यावर. रिकामी आहेत असं मालकानं सांगितलं होतं, हे मालकानं एकदा कोर्टात म्हटलं की बाकीचं मी बघते. नाही म्हटलं, तर ते आत जातील."

"म्हणेल की," मामा लगेच बोलला. "पोलीस बघून घाबरला तो. पहिल्यापासून भित्रा आहे, म्हणून तर खाली राहिला. कोर्टात शपथेवर उभा केला की म्हणेल."

वकीलबाईंनी गोळी चावून टाकली.

ते दिवस वाईट होते. काम बंद. मामा अंगणात बसून समोरच्या इमारतीचं छप्पर बघायचा. खालच्याला फोन लावायचा. फोन वाजत राहायचा. "गाडी चालवत असेल," मामा म्हणायचा. संध्याकाळी पुन्हा, "जेवत असेल."  मामीनं पलंग दुसऱ्या भिंतीला लावला होता, एकटीनं ओढून.

एकदा मामा मला म्हणाला, "खालच्याचं कर ना."

मी खूश झाले. किती दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. हनुवटी आत, पोट बाहेर. "हे बघ, चहा थंड झालाय, काय?"

तो हसला नाही. म्हणाला, "तसं नको. असं म्हण. साहेब, मीच याला सांगितलं होतं, रिकामी आहेत म्हणून."

मी म्हटलं. हे बघा साहेब, मीच याला सांगितलं होतं, रिकामी आहेत म्हणून, काय? आवाज इतका तंतोतंत लागला की माझ्याच अंगावर काटा आला. मामानं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. स्वयंपाकघरातून मामी आली, माझ्या हाताला धरून मला उठवलं आणि मामाला म्हणाली, "पोरीच्या तोंडून कसलं ऐकताय? ज्याचं तोंड आहे त्याला म्हणू दे."

कोर्टात ज्याचं तोंड होतं तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून. मामा आरोपीच्या जागेवरून त्याच्याकडे बघत होता, नजर हटवत नव्हता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढताना खालच्याचा पाय पायरीला अडला, तर मामाचा हात आपोआप पुढे झाला, आधार द्यायला. मधे अख्खं कोर्ट होतं.

सरकारी वकिलांना प्रत्येक गोष्ट पाटीवर लिहिल्यासारखी बोलायची सवय. "म्हणजे आपलं म्हणणं असं, की आरोपीस आपण धोक्याची, पूर्ण, कल्पना, दिली होती."

"हे बघा, दिली होती. चांगली दिली होती. आता घरचा माणूस म्हणून मी कडक बोललो नाही, ती माझी चूक, काय?"

"आणि पितळ?"

"पितळेला भाव आहे साहेब. माणसाला मोह होतो. मी त्याला दोष देत नाही."

दोष देत नाही! हे वाक्य त्यानं इतक्या मायेनं म्हटलं, की मागच्या बाकावरच्या एक बाई चुकचुकल्या. मामाच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदा काहीतरी हललं. कड्यावरून मागे झुकल्यावर दोर ढिला लागला, तर माणसाचा चेहरा तसा होत असेल.

न्यायाधीशांनी मामाला विचारलं, "चिन्ह दिसलं, शंका आली, मग एकदा विचारून गप्प का बसलात? आणखी कुणाला का नाही विचारलं?"

"वरच्यानं खालच्याला तपासायचं नसतं, साहेब."

न्यायाधीशांना काही कळलं नाही. वकीलबाईंनी दोराचं सगळं समजावून सांगितलं, एक झटका, दोन झटके, तीन झटके. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पण हे दोरावर नव्हतं. डबा खाताना होतं."



मग मामी उभी राहिली. इस्पितळात सुई टोचताना घाबरणारी माझी मामी.

"बोंडं कुठे होती?" वकीलबाईंनी विचारलं.

"आमच्या उशाशी. माझ्या बाजूला जास्त होती. यांच्या बाजूला खिडकी आहे."

"साफ कोण करायचं?"

"मी."

"करताना काळजी घे असं पती कधी म्हणाले?"

"म्हणाले ना. ओलं फडकं लावू नको, डाग पडतो."

कोर्टात हसू पसरलं. मामी हसली नाही. सरकारी वकील उठले. "म्हणजे आपलं म्हणणं असं, की धोका, कुणालाच, ठाऊक नव्हता?"

"यांना नव्हता. ठाऊक असतं तर बायकोच्या डोक्यावर ठेवलं असतं का? भांडण झालं तर हा माणूस स्वतः बाहेर जाऊन झोपतो." ती थांबली. खालच्याकडे बघत होती. तो साक्ष देऊन पुढच्याच बाकावर बसला होता. आणि बघता बघता मामीचा आवाज बदलला. ती कोर्टाशी बोलत नव्हती आता. "भावजी, तुम्ही आत येत नव्हतात."

"बाई, साक्षीदाराशी बोलू नका," न्यायाधीश म्हणाले.

"नाही, पण साहेब, हे आमच्या पलंगावर लोळायचे आधी. बोंडं आली आणि उंबऱ्यात थांबायला लागले. मी म्हणायची, या आत. हे म्हणायचे, बायकांच्या खोलीत कशाला. मला वाटलं, मान देतायत." तिनं कठडा घट्ट धरला. "मी त्यांची तारीफ केली हो सगळीकडे. मी तिथं निजत होते, आणि हे दारातून बघत होते."

खालच्यानं हनुवटी आत घेतली. तोंड उघडलं. "हे बघा" ओठांपर्यंत आलं, आणि त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली. मामा आता त्याच्याकडे बघत नव्हता. तो मामीकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

निकाल लागला. चोरी नाही. जाणूनबुजून बाळगल्याचं सिद्ध होत नाही. पण वस्तू घरात होती आणि परवाना नव्हता, तो गुन्हा झाला. छोटी शिक्षा, तीही स्थगित. तुरुंगात जायचं नाही. आणि विजेच्या दांड्यांचं काम पुन्हा करायला मनाई. वकीलबाई म्हणाल्या, "सुटलात." मामा म्हणाला, "हो." आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तो कठडा धरून, प्रत्येक पायरीकडे खाली बघत उतरला.

न्यायाधीशांनी खालच्याचीही चौकशी लावली होती.

आता मामा गल्लीतल्या घरांच्या पाण्याच्या टाक्या धुतो. परवा स्वतःच्याच गच्चीवरची धूत होता. बादली वर घ्यायला दोर अंगणात सोडलेला. मी आणि मामी खाली कपडे वाळत घालत होतो. फाटक वाजलं. खालचा. इस्त्री नव्हती शर्टाला. मामीनं चिमटे तोंडात धरले होते, ते काढले नाहीत.

तो अंगणात उभा राहिला आणि वर बघून बोलायला लागला. "अरे वरच्या. हे बघ, माझी तारीख लागलीय. तुला बोलावतील साक्षीला. तू एवढंच म्हण, आपल्यात गैरसमज झाला, काय?"

वरून ब्रश घासल्याचा आवाज.

"बरं, हे बघ. मान्य करतो. मला माहीत होतं. तुला नव्हतं माहीत. मीच तुला सांगितलं रिकामी आहेत म्हणून. झालं? म्हटलं मी. आता तरी बोल."

ब्रश थांबला. मामा कड्याशी आला, ओले हात विजारीला पुसत. ज्या वाक्यासाठी त्यानं माझ्यासमोर डोळे मिटले होते ते वाक्य शेवटी आलं होतं. अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, आम्हा दोघींपुढे.

"ऐकू येत नाही रे," मामा म्हणाला. "वर वारा आहे."

दोरीवरची चादर सरळ लोंबत होती. तिचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

 खालचा दोन पावलं पुढे आला, बादलीचा दोर हातात घेतला, आणि त्यानं झटका दिला. एक. दोन. तीन.

मामानं ते बघितलं. मग तो खाली बसला, दोराचं वरचं टोक पकडलं आणि दोर ओढायला लागला. सावकाश, हातावर हात टाकत. खालच्याच्या मुठीतून दोर सरकला, त्याच्या डोळ्यांसमोरून वर गेला, पाठोपाठ रिकामी बादली भिंतीला आपटत आपटत गेली, आणि गच्चीच्या कडेवरून आत नाहीशी झाली.